मामाकडं गेलेली मुलगी

गुरुजी, ती बी.ए. झाली. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात झाली. आता उदगीरच्या एका शाळेत मराठी शिकवते, चष्मा लावते, पोरींना दटावते. तिचं लग्न मामाशी झालं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पाल्हाळ ऐकून घेण्याइतका धीर तुमच्यात कधीच नव्हता.

तुम्ही आमच्यासारख्यांना, म्हणजे ज्यांच्या घरातलं आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही अशा मुलांना बीदरला पाठवायचात आणि पाठवून मोकळे व्हायचा नाहीत. हुलसूरच्या बाजारात कुणाचा बाप दिसला की भाजीची पिशवी तशीच हातात धरून तुमची चौकशी सुरू. पोरगं टिकलंय का, जेवणाचं काय, घरी कामून आलं नाही. आणि दिवाळीच्या सुट्टीत आल्या आल्या प्रत्येकानं मॅट्रिकच्या वर्गापुढं उभं राहायचं, हा तुमचा दंडक. मार्क सांगायचे नाहीत. "जमलेलं घरी सांगा. इथं काय जमंना तेवढं बोला," असं म्हणून तुम्ही खुर्ची खिडकीशी ओढून बसायचात. आईबापांनाही बोलावणं असायचं. पुढं जाणाऱ्या पोरांना रस्त्यातले खड्डे आधीच कळावेत, हा त्यामागचा हेतू. एकजण म्हणाला होता, खानावळीत मागून वाढून घ्यायची लाज वाटते. तुम्ही त्याला हसला नाहीत. पुढच्या वर्षी जाणाऱ्या सगळ्यांना मोठ्यानं "वाढा" म्हणायला शिकवलंत.

ती आणि मी, आम्ही दोघी गावातून कॉलेजात गेलेल्या पहिल्या मुली. आमचं किराणाचं दुकान, घरात कन्नड, अप्पांशी बोलायचं ते कन्नडमध्येच. त्यामुळं बीदरला मी आत्याच्या घरी राहून तशी निभावून नेत होते. तिचं तसं नव्हतं. तिचे वडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे. त्यांच्या वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला तेव्हा ती लहान होती, आणि पोरीला शिकवायचंच हे तिच्या वडिलांनी तेव्हापासून धरून ठेवलेलं. ती वसतिगृहात राहायची. वर्गात प्राध्यापक इंग्रजीत शिकवत आणि कुणाला कळलं नाही तर कन्नडमध्ये समजावून सांगत. मराठीतून मॅट्रिक झालेली ती दोन्हीकडून कोरडी राहायची.

त्या दिवाळीत ती वर्गापुढं उभी आहे. निळी साडी, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट. वडील दाराशी, चपला बाहेर काढून. "गुरुजी, तिथं काय बोलायलेत तेच मला समजंना," ती म्हणते. "सगळ्याच तासाला." मागच्या बाकावरची पोरं फिसकन हसली. तुम्ही असे कडाडलात की खिडकीबाहेरची शेळी बिचकली. "हसायला काय झालं? तुमच्यातला एकजण तरी एवढं खरं बोलंल का?" मग तिला म्हणालात, मी स्वतः येतो, प्रिन्सिपलशी बोलतो. आणि आलातही. धोतराला लाल मातीचा फुफाटा लागलेला, तसेच ऑफिसात उभे राहिलात. पण उन्हाळ्यानंतर तिचं नाव हजेरीतून गेलं होतं. कारकून म्हणाला, सोडून गेली, आम्हाला काय ठाऊक.

बाजारात तुम्ही तिच्या वडिलांना गाठलंत. मी अप्पांबरोबर तिथंच होते. "पोरगी कुठं हाय?" "मामाकडं हाय जी. उदगीरला." त्यांनी मान वर केली नाही आणि तुम्ही पुढं काही विचारलं नाही. आपल्याकडं कॉलेज सुटलेली मुलगी मामाच्या घरी आहे म्हटल्यावर विचारायचं उरतं काय? भाचीवर मामाचा हक्क, हे आपल्याकडं कुणी बोलूनही दाखवत नाही. अप्पासुद्धा "झालं, दिली वाटतं" म्हणून गुळाचा भाव करायला लागले. तुम्ही मात्र रिकामी पिशवी घेऊन घरी गेलात.

त्यानंतर दिवाळीचा तो वर्ग भरला नाही. "पोरीला बापासमोर उभं केलं. माझ्यामुळं गेली ती," हे तुम्ही माझ्यादेखत किती वेळा म्हणालात! मग तिच्या घरचे सगळेच उदगीरला कामाला गेले, तुमची बदली औरादकडं झाली, तिथंच आजारपण आलं. शेवटच्या भेटीतही तुम्ही तेच बोललात.

आता मी गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात शिकवते. पहिल्या वर्षाला येऊन मधूनच नाहीशी होणारी मुलं जातात कुठं, हे बघायचं काम मी मागून घेतलं. ऑफिसच्या लेखी ही मुलं नुसती 'सोडून गेलेली'. मग मी तुमच्यासारखी घरं हिंडू लागले. बसवकल्याणकडच्या एका मुलाची आई अंगणात ज्वारी पाखडत होती. म्हणाली, "सोडलं कुठं, बाई? उदगीरला शिकायलाय की. तिकडं मराठीत शिकवतेत." एवढा साधा रस्ता! सरहद्द ओलांडून महाराष्ट्रात गेलं की आमच्या दृष्टीनं मूल संपलं, आणि तिकडं ते बस्तान बांधून शिकत असतं. खात्री करायला मी उदगीरला गेले. आपल्या भागातून आलेल्या अशा मुलांना एक बाई खोली बघून देतात, अडलेलं शिकवतात, असं तो मुलगा म्हणाला आणि मला त्यांच्या दारात घेऊन गेला. दार तिनंच उघडलं.

तुमचा समज काय झाला होता ते मी सांगितलं, तर ती आधी खो-खो हसली. "अगं, मामा माझ्या बापापेक्षा थोरला!" मग स्टोव्हवरचा चहा उतू गेला तरी तिला कळलं नाही. वर्गातल्या हसण्याचं तिला काही वाटलं नव्हतं. दाराशी बापानं खाली घातलेली मान तिला सोसली नाही. म्हणून तिनं त्यांना बजावलं होतं, पास झाल्याशिवाय गुरुजींना काही सांगायचं नाही. निकाल लागल्यावर पेढे घेऊन ती औरादला आली. तुमच्या घरात दुसरे भाडेकरू होते. "तरी मी पोरींना तेच विचारते गं, काय जमंना," ती म्हणाली. "फक्त एकटीला बाजूला घेऊन."

गुरुजी, तुमच्यामुळं ती गेली नाही. तुम्ही ज्या वाटेला लावलंत, तीच वाट तिनं दुसऱ्या गावातून पुरी केली. हे तुम्हाला जिवंतपणी कळायला हवं होतं, आणि ते कळलं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून आणखी एक बोलते. माझा बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी एस.टी.तून उतरून, घरी न जाता, आधी तुमच्याकडं आले होते. पहिला वर्ग मिळाला होता. तुम्ही कागद बघितलात, "बरं झालं" म्हणालात आणि लगेच विचारलंत, "तिची काही खबर हाय का गं?" मी नाही म्हटलं. मुक्कामाला पोहोचलेल्या मुलीला काय विचारायचं, असं तुम्हाला वाटलं असेल. पण त्या तीन वर्षांत मलाही पुष्कळ काही जमत नव्हतं, गुरुजी. तुम्ही विचाराल म्हणून मी ते सगळं वाटेत मनाशी जुळवत आले होते.