मिरचीवाली माय

आजी,

आज दुपारी खिडक्या उघडायच्या विसरून मिरची भाजायला घेतली. ठसका लागला, डोळे गळायला लागले, आणि तुला लिहायचं म्हणून कधीपासून मनात होतं ते आजच लिहून टाकावं असं वाटलं. तुला वाचता येत नव्हतं हे मी विसरलेली नाही. शाळेतून आले की पेपरातलं, साबणाच्या वेष्टनावरचं, भिंतीवरच्या सिनेमाच्या जाहिरातीतलं, सगळं मीच तुला वाचून दाखवायचे, आणि तू अर्ध्यातच म्हणायचीस, "बस झालं वं, थोडं उद्यासाठी ठेव." तेव्हा हेही मी वाचूनच दाखवते आहे असं समज. आज मात्र मध्ये थांबवू नकोस.

आईबाबा कोराडीला, वीज केंद्राच्या कॉलनीत, आणि मी शहरात तुझ्याजवळ, असं आपलं होतं. तिकडे शाळा बरी नाही, हे सगळ्यांना सांगायचं कारण. खरं कारण तू एकटी पडशील हे होतं, पण ते तुझ्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. तू लकडगंजात मिरचीच्या गोदामात देठं खुडायला जायचीस. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तिथे यायचे, आणि दारातच मला शिंका सुरू व्हायच्या. आत लाल ढिगांभोवती बाया नाकातोंडाला पदर बांधून बसलेल्या असायच्या. नुसते डोळे दिसायचे, तरी मी तुला लगेच ओळखायचे, कारण मला पाहून हसणारे डोळे तुझेच असायचे. घरी आल्यावर तू हात राखेनं घासायचीस, तेल चोळायचीस, ताकात बुडवून बसायचीस, तरी बोटांची आग जायची नाही. त्या बोटांनी तू माझ्या तोंडाला कधी हात लावला नाहीस. मनगटाची मागची बाजू गालावरून फिरवायचीस. सगळ्या आज्या असंच कुरवाळतात अशी माझी समजूत होती. एकदा मैत्रिणीच्या आजीनं माझे गाल बोटांनी धरले तर मी दचकून मागे सरले होते.

आणि दसरा आला की त्या दोन खोल्यांत माणसं मावायची नाहीत. दीक्षाभूमीला येणारी गावोगावची माणसं, कोणी रेल्वेनं, कोणी ट्रकमधून, कोणी पायी. त्यांतली कितीतरी आपल्या वस्तीत शिरायची, आणि तू दारातच उभी असायचीस. ओळखीची असोत की नसोत, तुला सारखीच. दाराशी रांजण, त्यावर तो पितळेचा गडवा. तू गडवा भरून पुढे करायचीस आणि मग आत बेसन-भाकरीच्या मागे लागायचीस. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. जेवून पाय लांब केल्यावर कोणी आपणहून सांगितलं तर ऐकायचं, पण बहुतेकांचा तोवर डोळा लागलेला असायचा. त्यामुळे वर्षानुवर्षं येणाऱ्या माणसांनाही आपल्या घरात नावं नव्हती. एक शिंगाडेवाली मावशी होती, ती भंडाऱ्याकडून उकडलेले शिंगाडे आणायची. एक लंगडणारे आजोबा होते. एक घोरणारी बाई होती, तिच्या शेजारी झोपायची वेळ दरवर्षी माझ्यावरच यायची. त्यांना तुझंही नाव ठाऊक नव्हतं. तू गोदामात जातेस एवढं त्यांना कळलं होतं, म्हणून तू मिरचीवाली माय.

मी चौथीत असेन. शाळेत नव्या बाईंनी एकेकाला उभं करून आडनाव विचारलं होतं, आणि मला ते फार ऐटीचं वाटलं होतं. त्या दसऱ्याला शिंगाडेवाली मावशी उंबरठ्यात पाऊल ठेवते तोच मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "तुमचं आडनाव काय?" तू आतून आलीस. ओरडली नाहीस. भरलेला गडवा माझ्या हातात कोंबलास आणि म्हणालीस, "पयले पाणी दे तिले. मंग तुयं आडनाव तू सांग." मावशी गडव्याच्या काठावरून माझ्याकडे बघत प्यायली आणि हसली. तू हसली नाहीस. दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस, आणि तुझ्या अबोल्यापेक्षा मला दोन धपाटे परवडले असते.

दुसऱ्या दिवशी माणसं निघून गेल्यावर आपण दोघी अंगणात भांडी घासत होतो. बेसन शिजवायचं मोठं पातेलं, आपला गंज, तुझ्यापुढे होतं. तू मान वर न करता म्हणालीस, "मी तुयाएवढी असन. मायसंगं उन्हातून चालून राहिली होती. एका दारी पाणी मागतलं. त्या बाईनं पयले इचारलं, कोण व्हय तुमी. मायनं सांगतलं."

"मग दिलं का पाणी?"

"देलं ना. वरून ओतलं. अर्धं हातात, अर्धं मातीत. माय म्हणे, पी, पी. मी पेली. पण त्या पाण्याची चव काही आठवत नाही मले. त्या बाईचा आवाजच आठवते."

एवढंच. त्यानंतर ती गोष्ट तू पुन्हा कधी काढली नाहीस. गंजाच्या बुडाकडे बोट दाखवून म्हणालीस, इकडे काळं राहिलं आहे, नीट घास.

बाबांचं मात्र निराळं होतं. तू मिरची खुडून त्यांना शिकवलंस, ते वीज केंद्रात लागले, कॉलनीत क्वार्टर मिळालं. आणि त्या कॉलनीत चहाच्या कपाआधी आडनाव विचारत. आपलं आडनाव असं की त्यावरून कोणाला काही नक्की ठरवता येत नाही. बाबा खोटं कधी बोलले नाहीत, पण विचारणाऱ्याला जे वाटेल ते वाटू द्यायचे. दसऱ्याच्या संध्याकाळी शेजारी आपट्याची पानं घेऊन यायचे, तर बाबाही इस्त्रीचा शर्ट घालून सोनं द्यायचे, घ्यायचे. कॉलनीच्या फाटकात शिरलं की त्यांच्या तोंडातलं "मले" पुसून "मला" व्हायचं, त्यावर आई पदराआड हसायची. तुला हे सगळं कळत होतं. तू त्यांना एका शब्दानं कधी टोचलं नाहीस, आणि मला वाटतं, त्यांना तेच जास्त टोचत असावं. मला त्यांचा राग तेव्हाही नव्हता. साधा, भित्रा, मायेचा माणूस होता तो.

दर महिन्याला येऊन ते तुझी मनधरणी करायचे. "माय, तिकडे पंखा हाय, घरात नळ हाय. चाल ना."

"दसऱ्याले दार बंद दिसन त्याहिले."

"दसरा वर्षातून एकदा येते, माय."

"म्हणूनच तं सांगून राहिली."

मग तुझा खोकला वाढला. डॉक्टरांनी सांगितलं, आता मिरचीचं तोंड पाहायचं नाही. मी दहावीत होते. पावसाळा सरता सरता बाबा तुला आणि मला कोराडीला घेऊन गेले. घराला कुलूप लागत होतं तेव्हा तू मुद्दाम दुसरीकडे पाहत होतीस. गडवा मात्र लुगड्यात गुंडाळून बरोबर घेतलास. कोराडीला खिडकीच्या कठड्यावर रोज राखेचा थर बसायचा. पहिल्याच दिवशी तू त्यावर बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "धूळ इथंबी हायेच बाप्पा. फक्त तिखट नाही." दसरा जवळ आला तशी तू एकदाच बाबांना म्हणालीस, "बाबू, तेवढे दोन दिवस मले घरी सोडून दे." बाबांनी ड्युटी सांगितली, गर्दी सांगितली, डॉक्टर सांगितला. तू हट्ट धरला असतास तर बरं झालं असतं. तू उठून गडवा घासायला घेतलास.

तो दिवस मला अजून समोर दिसतो. सकाळी तू पांढरं लुगडं नेसून पुढच्या पायरीवर बसली आहेस, शेजारी भरलेला गडवा. मी चिडवते, "आजी, इथे कोण येणार आहे?" तू म्हणतेस, "कोणी नाही येत. मी अशीच बसून राहिली." दुपारपर्यंत खोकून खोकून तू थकतेस, आई तुला आतल्या खोलीत निजवते, आणि तुला झोप लागते. बाबांनी संध्याकाळसाठी शर्ट चढवला आहे, टेबलावर ताटलीत आपट्याची पानं काढून ठेवली आहेत. आणि मला खिडकीतून रस्त्याच्या टोकाला निळा झेंडा दिसतो.

वस्तीतल्या शेजारणीनं आपल्या दसऱ्याच्या माणसांना सांगितलं होतं, बुढीले पोरानं कोराडीले नेलं. झालं. गाठोडी उचलून सगळी बसमध्ये बसली. लंगडणारे आजोबासुद्धा. कोराडीत पोचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला ना मुलाचं नाव ठाऊक, ना मायचं. तुझ्या नियमाची ही फळं. मग ती घरोघरी विचारत सुटली, "मिरचीवाली माय कुठी राहते जी?" प्रत्येक फाटकापाशी थांबून, मोठ्यानं, आनंदानं. लोक बाहेर येऊन बघायला लागले. कोण मिरचीवाली, असली कोणी इथे राहत नाही, असं कोणीतरी सांगत होतं.

बाबा खिडकीशी येऊन माझ्या मागे उभे राहिले. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. तू झोपली होतीस. दार नुसतं लोटून घेतलं असतं तर ती माणसं पुढे गेली असती, आणखी चार घरं विचारून परत शहराकडे वळली असती, आणि तुला कधी कळलंही नसतं. मी बाबांकडे वळून पाहिलं नाही. पाहावंसं वाटत होतं, पण धीर झाला नाही. शिंगाडेवाली मावशी आमचं फाटक मागे टाकून पुढे निघाली तेव्हा दार उघडल्याचा आवाज आला. बाबा अनवाणीच बाहेर गेले होते. "मिरचीवाली माय ना?" त्यांनी हाक दिली, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी. "माहीच माय व्हय. या. आत या."

मग त्यांनी पायरीवरचा गडवा उचलला. एकेकाच्या हातात देत होते, रिकामा झाला की आत येऊन भरत होते. इस्त्रीचा शर्ट पुढून सगळा भिजला. गलक्यानं तू जागी झालीस, भिंत धरत बाहेर आलीस आणि दारातच थबकलीस. माणसं तुझ्या पायाशी वाकायला लागली तरी तुझी नजर बाबांवरून हलेना. मला वाटलं आता तू रडशील. तू म्हणालीस, "बाबू, घरात पीठ किती हाय?" आणि पदर खोचून सरळ स्वयंपाकघरात गेलीस. रडलीस ती चुलीपाशी, म्हणजे स्टोव्हपाशी, आणि आईला सांगितलंस की रॉकेलचा धूर आहे.

संध्याकाळी समोरचे साहेब बायकोला घेऊन सोनं द्यायला आले. फाटकातच थांबले. अंगणभर सतरंज्या, त्यावर पांढरी लुगडी, शिंगाड्यांच्या सालांचा ढीग, झाडाला टेकवलेला झेंडा. "पाहुणे का? कोण हे सगळे?" त्यांनी विचारलं. बाबांनी गडवा पुढे केला आणि कॉलनीत ते कधी बोलत नसत तसे बोलले. "पयले पाणी घ्या, साहेब. मंग सांगतो." साहेबांनी गडव्याकडे पाहिलं. हात त्यांच्या बायकोनं पुढे केला. ती प्यायली, मग साहेबही दोन घोट प्याले, आणि बाबांनी त्यांना सगळं सांगितलं. आपण कोण, तू कोण, दीक्षा, गोदाम, सगळं. पुढच्या वर्षी सोनं द्यायला पुष्कळ घरं आली नाहीत. त्या बाई आल्या.

पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस. कोणाला कळवायचं, हा प्रश्नच होता, कारण आपल्याजवळ एकाचंही नाव नव्हतं. मग दसऱ्याला बाबांनी रजा काढली, आईला कॉलनीत ठेवून जुन्या घराचं कुलूप उघडलं, रांजण भरला आणि ते दारात उभे राहिले. येणारा प्रत्येक जण विचारायचा, माय कुठी? बाबा आधी पाणी द्यायचे, मग सांगायचे. पाय चालत होते तोवर दरवर्षी त्यांनी ते केलं. आता बाबा नाहीत, ते घरही नाही. मी विमानतळाकडे राहते. आमच्या सोसायटीच्या फाटकावर पाहुण्याला आधी नाव विचारतात, मग फोन नंबर. पाणी कोणी विचारत नाही. तू आली असतीस तर त्या चौकीदाराची खैर नव्हती.

पत्र घालायला पाकीट काढलं, तर त्यावरही सगळ्यात आधी नावच लिहायचं. ते तुला चालणार नाही, तेव्हा राहू दे, गडव्यात घालून ठेवते. एक मात्र सांगायचं राहिलं, बाबांनाही मी हे कधी सांगितलं नव्हतं. कोणी आडनाव विचारलं की मी सांगते, आणि पुढचंही सांगते, अगदी मान वर करून. पण त्याआधी क्षणभर घसा कोरडा पडतो, आजी. अजूनही.