ठाण्यात ठेवलेली बंदूक

रास अल खैमा

हाफिजा, तुला सलाम आणि आपल्या एमानला पापा.

मी ठीक आहे. टाइल्सच्या कारखान्यात काम चालू आहे, झोप लागते, गोळ्याही वेळेवर घेतो. अम्मीचा गुडघा कसा आहे?

भाईचा फोन आला होता. रानडुकरं शेतातली रताळी उकरतायत. लायसन माझ्या नावावर आहे, मी अर्ज केला तर पोलीस ठाण्यातून बंदूक परत मिळेल, म्हणाला.

गेल्या वर्षी मी मरायच्या गोष्टी करायला लागलो, तेव्हा तूच पोलिसांना सांगून ती न्यायला लावलीस. माझ्या हक्काची वस्तू गेली म्हणून मी महिनाभर तुझ्याशी अबोला धरला. त्याची आता लाज वाटते.

अर्ज मी करणार नाही. रताळी पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतील.

तुझ्यामुळे आज असलेला,
बदरुद्दीन