दार उघडंच आहे

तेलीबाग, मंगळवार, संध्याकाळ

सुधारगृहातून शिवण शिकायला माझ्याकडे राहायला आलेली नीलम आज परत दारापाशी उभी. सब्जी आणायला गेले तेव्हा दार सताड उघडं टाकलं होतं. तासाभराने आले, तरी ती उंबऱ्याच्या आतच. अंगणात तिची ओढणी वाऱ्याने चिखलात पडलेली, नुसती बघतेय.

"अगं, दार उघडंच आहे! उचल ना!"

"हाँ अम्मा, पर किसी ने बोला नहीं."

शेवटी ओढणी मीच उचलली.

उद्या सुधारगृहाच्या मॅडम येणार, हिला घरी सोडायचं का ते ठरवायला. पळाली नाही म्हणजे सुधारली, असंच लिहितील. मी काय सांगू?

मघाशी म्हटलं, "जा, फिरून ये." गेली. फाटकही उघडंच आहे. त्याच्यासमोर उभी आहे.