चांद्याचा दुसरा डोळा

बारामती,
२५ सप्टेंबर १९९४

ती. सौ. लीलाआत्यास स्वरूपाचा सा. न. वि. वि.

गणपतीत तुझ्याकडे राहून सुरू केलेलं चांद्याचं चित्र अखेर पुरं झालं. बाबा उद्या तिकडे येतायत, त्यांच्याबरोबर पुठ्ठ्यात घालून पाठवते. तुझं कुत्रं भलतंच लाजाळू. मी समोर बसले की तोंड फिरवायचं, म्हणून एका बाजूनेच काढलंय. आधी साध्या पेन्सिलीने आकार बांधला, मग रंगीत पेन्सिलींनी एकेक केस. चॉकलेटी पेन्सिल आता चिमटीतही धरवत नाही. कपाळावरचा पांढरा चांद मात्र रंगवलेला नाही, तिथे कागद कोरा सोडलाय. आमच्या गल्लीतली मांजरं आणि डॉक्टरीणबाईंचा पोपट काढून झालाय, पण एवढी मेहनत कुणासाठी केली नाही. आई म्हणते, एवढ्या वेळात पोरीने खरा बैल रंगवला असता.

तात्यांना नमस्कार. अप्पाकाका आणि कौसल्याकाकूंनाही सांगितला असता, पण तुमच्या घरातून त्यांच्या घरात तो नेणार कोण?

लोभ आहेच, तो उत्तरातही दिसू दे.

तुझी,
स्वरूपा


अंथुर्णे,
३ ऑक्टोबर १९९४

चि. स्वरूपास आत्याचे पोटभर आशीर्वाद.

चित्र पोचलं. इतकं हुबेहूब की खरा चांद्या त्याच्यावर गुरगुरला. पण बाई, दुसरा डोळा कुठे गेला? त्याने तुझं काय वाकडं केलं म्हणून त्याला काणा केलास? आणि जो डोळा ठेवलास त्यात पांढरा ठिपका! तात्या चष्मा लावून बघत राहिले आणि म्हणाले, ह्याच्या डोळ्यात फूल पडलंय, ढोराच्या डॉक्टरला दावाय पायजे. तरी हौसेने इंदापूरहून काच लावून फ्रेम करून आणली आणि बाहेरच्या सोप्यात, दारासमोरच टांगली.

नमस्काराचं काय सांगू? आमच्या रामच्या लग्नाच्या पत्रिकेत छापखानेवाल्याने अप्पांच्या नावाआधी ‘कै.’ छापलं आणि तुझ्या तात्यांनी न वाचताच पत्रिका वाटल्या. जित्या भावाला कैलासवासी केलं म्हणून अप्पा जे रुसले, ते दोन वर्षं झाली तरी बोलत नाहीत. अंगण एक आणि दारं दोन. चांद्याला भांडण कळत नाही, तो सकाळी आमच्याकडे जेवतो नि संध्याकाळी त्यांच्याकडे. तात्या बोलून दाखवत नाहीत, पण पलीकडून अप्पांचा खोकला ऐकू आला की घास हातात तसाच राहतो. मला फार वाईट वाटतं गं.

तब्येतीला जप. कागदावर इतकी वाकू नकोस, पाठ धरेल.

तुझी,
लीलाआत्या


बारामती,
९ ऑक्टोबर १९९४

ती. सौ. आत्यास सा. न. वि. वि.

तात्यांना सांग, ते फूल नाही, उजेड आहे. आरशात स्वतःचा डोळा बघा म्हणावं, तसाच ठिपका दिसेल. आणि दुसरा डोळा पलीकडच्या बाजूला आहे. फ्रेम उलटी करून शोधू नका एवढंच.

लहान तोंडी मोठा घास घेते. दसऱ्याला सोनं द्यायच्या निमित्ताने तात्याच अप्पाकाकांकडे गेले तर? थोरल्याने आधी उंबरा ओलांडला म्हणून काय बिघडतं?

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
स्वरूपा


अंथुर्णे,
१९ ऑक्टोबर १९९४

चि. स्वरूपास अनेक आशीर्वाद.

अगं, केवढा घोटाळा झाला! दसऱ्याला तात्यांनी सायकलला, विहिरीवरच्या मोटारीला झेंडूचे हार घातले. एक हार उरला तो कौतुकाने चांद्याच्या फ्रेमला घातला. तुझं पत्र वाचून दाखवलं होतं, पण अप्पांकडे जायचं काही नाव नाही. चांद्या दोन दिवस घरी नव्हता. गावातल्या आबासाहेबांचा ट्रॅक्टर सणसरला गेला, त्याच्या मागे हा पळालेला. दसऱ्याच्या संध्याकाळीही जेवायला आला नाही म्हणून कौसल्या आमच्या दारातून डोकावली, तिने हार घातलेली फ्रेम पाहिली आणि तोंडाला पदर लावून माघारी पळाली.

घटकाभराने अप्पा आले. दोन वर्षांनी! टोपी काढून तात्यांच्या शेजारी खाली बसले. तात्यांना वाटलं, सोनं द्यायला आला. अप्पांनी खालच्या आवाजात विचारलं, कवा गेला? तात्या म्हणाले, परवा, ट्रॅक्टरच्या मागं. अप्पांनी विचारलं, लई तरास झाला का? तात्या म्हणाले, कसला तरास, शेपूट हलवत गेला की! हे ऐकून अप्पांनी जो हुंदका दिला, तो ऐकून तात्याच घाबरले. भावाचं काय झालं म्हणून त्यांना जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवायला लागले. मी चुलीपुढून धावत आले, तर दारात चांद्या, अंगभर चिखल घेऊन उभा.

अप्पा एकदा कुत्र्याकडे बघतात, एकदा हाराकडे. मग म्हणाले, दादा, तुमच्या घरात जित्याला मारायची रीतच हाय, आधी मला छापून मारलं, आता ह्याला हार घातला. आणि असे हसले की तात्यांनाही हसू आवरेना. हसता हसता दोघांचे डोळे गळत होते. मीही आत जाऊन मनसोक्त रडून घेतलं.

आता अप्पांनाही त्यांच्या सोप्यासाठी चांद्या हवाय, पण पलीकडच्या बाजूचा. तो काढायला घे. मात्र एक ऐक. चित्र आलं का विचारायला अप्पा रोज संध्याकाळी येतात. मग चांद्याचा कुठला कान काळा यावरून दोघं भाऊ वाद घालतात आणि चहा दोनदा होतो. तेव्हा सावकाश काढ. परीक्षा आहे म्हण, पेन्सिल संपली म्हण, पण दिवाळीपर्यंत चित्र पाठवू नकोस.

तात्यांचे आशीर्वाद, आणि या खेपेला अप्पा-कौसल्येचेही.

तुझी,
लीलाआत्या