डोंगरीवरची तार

भनपुरी, रायपूर
२ मे

प्रिय यशदीप,

सप्रेम जयभीम. माझा फोन सकाळपासून बंद लागत असेल, तो का ते पुढे सांगते. बाबांच्या फोनवरून तुला तीनदा लावला, तू उचलला नाहीस. म्हणून कागद घेतला, लिहून झालं की याचा फोटो बाबांच्याच फोनवरून पाठवते. घरी सगळे बरे आहेत. फक्त मंगळवारपासून आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी उभी असते. त्यातल्या दोघांनी चहाच्या टपरीवर बाबांना फार अदबीनं विचारलं, मुलगी अजून सायकल चालवते का. बाबा हो म्हणाले. त्यावर ते हसले, बाबांच्याही चहाचे पैसे देऊन गेले.

तुला आपले रविवार आठवतात का रे? नव्या रायपूरच्या सपाट, रिकाम्या रस्त्यांना तू कंटाळलास आणि म्हणालास, सायकलला दगड पाहिजेत. तुझ्या काकांच्या पिकअपमध्ये चार सायकली आडव्या टाकून आपण सकाळी कॉलेजच्या गेटवरून निघायचो. आरंग मागे टाकायचं, महानदी ओलांडायची, सव्वा तासात डोंगरी. कुदळीनं दोन महिने खणून आपण ती ट्रेल पाडली. पायथ्याच्या फार्महाऊसच्या मालकानं गाडी लावू दिली, आपली रेसही भरवतो म्हणाला. त्याचा चौकीदार हरिदास भैया पाणी द्यायचा. आणि त्याची वहिनी कमला टोपली घेऊन मोठ्या दगडावर बसायची. आपल्यापैकी कोणी पडलं की तोंडाला पदर लावून हसायची. तुझं कोपर फुटलं तेव्हा तिनंच हळद बांधली होती.

डिसेंबरात हरिदास भैयानं आपल्या पंक्चर झालेल्या ट्यूबा मागितल्या. आपण काहीही न विचारता दिल्या. जानेवारीत शेवटच्या वळणावर मी कचकन ब्रेक दाबला, कारण वाटेच्या कडेनं गुडघ्याएवढ्या उंचीवर बारीक तार गेली होती. खुंट्यांना रबर गुंडाळून त्यावर ती ओढली होती. एका रबरावर मी स्वतः चिकटवलेलं लाल ठिगळ होतं. खाली एक कोल्हा मरून पडला होता, पाय ताठ. हरिदास भैया धावत आला. म्हणाला, "संझा के पहिली उतर जाहू, दीदी. रात के करंट रइथे." रानडुकरांसाठी तार लावून रात्री तिच्यात वीज सोडायला मालकानंच सांगितलं होतं. माझ्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात हे सगळं आलं.

मी म्हटलं, वनविभागात सांगू. तू म्हणालास, रेस तीन आठवड्यांवर आहे, परवानगी जाईल, आणि आपण तर दिवसाच येतो. मी नुसती गप्प बसले नाही यशदीप, मला ते पटलं. तू कॅमेऱ्याचं कार्ड नेऊन व्हिडिओतून तेवढा भाग कापलास, आणि उरलेला व्हिडिओ मी माझ्या हातानं आपल्या सायकल क्लबच्या पानावर टाकला. रेस छान झाली. मालकानं तुला हार घातला.

तू पुण्याला नोकरीवर गेलास, त्यानंतर एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी मी ज्युनियर पोरींना घेऊन गेले. तार नव्हती. खुंट्यांचे खड्डे नुकतेच बुजवलेले होते. दगडावर कमला नव्हती. हरिदास भैयाला विचारलं, तर मातीकडे बघत म्हणाला, "साँप काटिस, दीदी." मग आत जाऊन उरलेल्या ट्यूबांचं बंडल आणलं आणि माझ्या हातात दिलं. अब नइ लागे, आता गरज नाही, एवढंच म्हणाला.

त्यांच्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, बायांनी वेगळं सांगितलं. कमला मेली त्या आठवड्यात मालकानं तार कुंपणाबाहेर नाल्यापर्यंत वाढवली होती, कोणाला न सांगता. कमला पहाटे मोहफुलं वेचायला गेली. तिची टोपली झाडाखाली राहिली आणि ती सापडली खूप लांब, नाल्यात. दोन्ही नडग्यांवर, गुडघ्यांच्या जरा खाली, एकाच उंचीवर काळी रेघ होती. गाव जमायच्या आत मालकाची गाडी येऊन गेली होती. हरिदास भैयाला त्याच फार्महाऊसवर राहायचं आहे, तो काय बोलणार?

घरी येऊन मी आठ दिवस जेवले-न जेवले. शेवटी बाबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. नुसतं विचारलं, "तुले मालूम होतं ना? मंग काहून गप राहिली, पोट्टी?" माझ्या तोंडात तुझीच वाक्यं येत होती, रेस, परवानगी, आपण तर दिवसाच जातो. ती बाबांसमोर म्हणवेनात.

परवा एक ज्युनियर जाऊन आली. तार परत लागली आहे, आता डोंगरीच्या दुसऱ्या अंगाला. म्हणून आज सकाळी बाबांना बरोबर घेऊन ठाण्यात गेले आणि जबाब दिला. मला जानेवारीपासून माहीत होतं, हे त्यात पहिलंच वाक्य आहे. फोन त्यांनी ठेवून घेतला. त्यात फक्त कापलेला व्हिडिओ आहे, मूळ कार्ड तुझ्याकडे आहे, हे मी सांगितलं. तुझं नावही सांगितलं. ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून हे पत्र. पोलीस ते कार्ड मागायला येतील. पण माझ्या जबाबाची बातमी मालकाला दुपारीच पोचली असावी, कारण गल्लीतली त्याच्या माणसांची ती पांढरी गाडी आज पहिल्यांदा दिसत नाही. पुण्याला ते आधी पोचतील की पोलीस, मला माहीत नाही. तू फोन का उचलत नाहीस, हेही माहीत नाही. तू कार्ड नाहीच म्हणालास तरी माझा जबाब बदलणार नाही. फक्त एक लक्षात ठेव. तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झाला आहे, तार काढायला आज कोणीही गेलेलं नाही, आणि पाऱ्यातल्या बाया उद्याही पहाटे पानं तोडायला निघणार आहेत.

तरीही तुझीच,
रीना