शिवकन्याचं दुसरं शिफारसपत्र

२ डिसेंबर २०२३, शनिवार
स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्यांनी माझं नाव घेतलं. बारावीच्या काही मुलांना बाहेरच्या युनिव्हर्सिट्यांसाठी शिफारसपत्रं लागतात. शिक्षकांना इंग्रजीची अडचण, तर चौसाळकर सर मदत करतील, म्हणाले. मी "बघू" म्हटलं. आतून बरं वाटलं. तेवीस वर्षं या ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवतोय, कुणाला तरी दिसलं.
उद्यापासून: साडेपाचला उठणे. चहा दोनदाच. रोज एक पत्र.

३ डिसेंबर
आठला उठलो. रविवार होता.

५ डिसेंबर, मधली सुट्टी
फिजिक्सच्या कालिंदी मुळे मॅडम आल्या. शिवकन्या सांडू नावाच्या मुलीसाठी पत्र लिहायचंय. सिल्लोडकडची, वडील एसटीत ड्रायव्हर. दक्षिणेतल्या एका मोठ्या खासगी युनिव्हर्सिटीत पूर्ण स्कॉलरशिपसाठी अर्ज करतेय. पत्रं दोन लागतात. एक विषयशिक्षकाचं, दुसरं तिला जवळून ओळखणाऱ्या कुठल्याही मोठ्या माणसाचं. मुदत दहा जानेवारी, संध्याकाळी पाच.
मॅडमना माझा २०११ चा मास्टर ड्राफ्ट दिला. फक्त नाव बदलायचं.
दुसरं पत्र माझंच असणार. मॅडम तसं बोलल्या नाहीत, पण उघड आहे. मुलगी अकरावीत माझ्या वर्गात होती. शांत. आदरापोटी माझ्यासमोर तोंड उघडत नसे. दुसऱ्या सत्रात तर तासाला दिसायचीच नाही. बहुधा कबड्डी.

६ डिसेंबर
मॅडमनी ड्राफ्ट परत केला. मुलीच्या पत्रात 'हिज फादर' राहिलंय, म्हणाल्या. आणि या पत्रातली मुलगी कुणीही असू शकते, असंही म्हणाल्या. मग स्वतःच बसून साध्या इंग्रजीत लिहिलं. वाचलं. एक अलंकार नाही. मी काही बोललो नाही. बोललो, पण थोडंच.

९ डिसेंबर
पद्धत समजली. विद्यार्थी फॉर्ममध्ये पत्र लिहिणाऱ्याचा ईमेल भरतो, मग आपल्याला पत्र टाकायची लिंक येते. माझं पत्र तयार आहे. पहिलंच वाक्य सात ओळींचं. हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, छान आहे, पण ती मुलगी कशी आहे ते कळलं नाही. हिचं बी.कॉम. मराठीतून.
मेल दिवसातून दोनदाच बघायचा.

१४ डिसेंबर
मेल अकरा वेळा बघितला. स्पॅमही. एक इन्शुरन्सवाला, एक गुडघेदुखीचं तेल. संध्याकाळी घरात बसवेना. पैठण गेटपासून गुलमंडीपर्यंत चालत गेलो, मोबाइल हातातच. परत आलो, पुन्हा गेलो.
सकाळी जिन्यात शिवकन्या दिसली होती. म्हटलं, काही लागलं तर संकोच करू नकोस. ती म्हणाली, नाय सर, काही नाय. संकोच करतेय.

२१ डिसेंबर
लक्षात आलं. शिवकन्यानं माझा ईमेल चुकीचा भरला असणार. चौसाळकर हे स्पेलिंग भल्याभल्यांना येत नाही. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तिच्या हातात दिला. तिनं घडी घालून दप्तरात ठेवला. व्हय सर, म्हणाली.
आज चहा सहा.

२ जानेवारी २०२४
शिवकन्या स्टाफरूममध्ये आली. मी उठून लॅपटॉप उघडला. तिच्यामागून रामकिसन आला. फिजिक्सचा लॅब अटेंडंट, तीस वर्षं किल्ल्या सांभाळतोय. दुसरं पत्र तो लिहिणार आहे. लिंकही त्याच्या मोबाइलवर आलीय. त्याला ईमेल आहे हे मला माहीत नव्हतं.
पत्र मराठीत चालतं, सोबत इंग्रजी भाषांतर जोडायचं. तेवढं सर करतील का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, वेळ नाही. मग म्हटलं, ठेव. ती गेल्यावर व्हरांड्यातून तीन चकरा मारल्या. पुढच्या तासाला दहा मिनिटं उशीर.

३ जानेवारी
रामकिसनचं पत्र वाचलं. रेघी कागद, चार पानं. अक्षर बरं आहे. मजकूर असा:
अकरावीत ही पोरगी वर्गात 'डिटरमाईन' म्हणाली. सरांनी तिला बाकावर उभं करून पाचदा तेच म्हणायला लावलं. वर्ग लई हसला. पोरं तिला त्याच नावानं हाक मारू लागली. तीन दिवस ती आलीच नाही. चौथ्या दिवशी लॅबच्या दारात येऊन म्हणाली, मामा, त्या तासाला इथं बसू का? बस म्हणलं. कपाटात चौदा बंद पडलेली गॅल्व्हानोमीटरं होती. रोज एक उघडायची. अकरा चालू केली. हाताला काम आणि तोंडानं शब्द. मोबाइल बोलून दाखवायचा, ती म्हणायची, मग माझ्याकडून म्हणवून घ्यायची. आता मला बी डिटर्मिन म्हणता येतं.
वाचून संताप आला. असले शिक्षक आपल्या कॉलेजात आहेत. हा भूगोलवालाच असणार, त्याला उगाच इंग्रजी फाडायची सवय आहे. प्राचार्यांच्या कानावर घातलं पाहिजे.
मात्र शिफारसपत्रात निगेटिव्ह नको. तेवढा भाग काढला. उरलेलं तासाभरात झालं. 'सिन्सिअर' तीनदा, 'डिलिजंट' दोनदा.

५ जानेवारी, दुपारी
मुळे मॅडमनी भाषांतर वाचलं. बाकावरचा प्रसंग कुठं गेला, विचारलं. तो काढला तर ती तासाच्या वेळी लॅबमध्ये का बसायची ते कळत नाही, पळपुटी वाटते. मी म्हटलं, कॉलेजची बदनामी होते. आणि त्या भूगोलवाल्याशी मी बोलतोच. मॅडमनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, सर, अकरावी ब. इंग्रजीचा तास. घंटा झाली, त्या गेल्या.

संध्याकाळी
२०२२ ची डायरी काढली. १८ नोव्हेंबर: "अकरावी ब. तास रंगला. मुलं पोट धरून हसली. असा सहभाग हवा."
एवढंच लिहिलंय. मुलीचं नाव नाही.

८ जानेवारी
उच्चार सुधारणं हे शिक्षकाचं कामच आहे. आम्हाला तर छड्या बसल्या. शिवाय पाचदा नसेल, तीनदा असेल. प्रसंग घालतो, पण 'उभं केलं' ऐवजी 'प्रोत्साहन दिलं'. वाक्य तयार केलं, खोडलं. खिडकी उघडली, लावली.
दुपारी रामकिसन आला. म्हणाला, काय लिवलंय ते मराठीत वाचून दाखवा. मला वाचता येईना. मग म्हणाला, "सर, तुमाला अवघड जात आसंल तर राहू द्या. म्याडमकडून करून घेतो. पोरीची तारीख हुकायला नको."
म्हटलं, मीच करतो.

१० जानेवारी, ४.४०
झालं. जसं होतं तसं. पाचदा म्हणजे पाचदा. त्या एका वाक्याला अडीच तास गेले. माझं इंग्रजी इतकं साधं कधी झालं नव्हतं. फॉर्ममध्ये भाषांतरकाराचं नाव विचारलं होतं. वैजनाथ अनंतराव चौसाळकर असं पूर्ण टाकलं. मॅडम आणि रामकिसन दोघांसमोर वाचून दाखवलं. रामकिसननं स्वतः बटण दाबलं.

२० फेब्रुवारी
शिवकन्याला प्रवेश मिळाला. पूर्ण स्कॉलरशिप. सांगायला आली. इंटरव्ह्यूत मामांच्या पत्रावरच सगळं बोलणं झालं, म्हणाली. पत्रातले ते सर कोण, असंही त्यांनी विचारलं.
तू काय सांगितलंस, मी विचारलं. ती म्हणाली, भाषांतर त्यांनीच केलंय, एवढं सांगितलं.
मग विचारलं, त्यावर काय म्हणाले?
म्हणाली, "काही नाय सर. पुढचा प्रश्न विचारला."
तिच्या हातात इमरतीचा डबा होता. त्यातली एक काढून माझ्यासमोर कागदावर ठेवली, पाया पडली, आणि डबा घेऊन खाली लॅबकडे गेली.