जिन्यात राहिलेलं ताट

सुकापूर, नवीन पनवेल
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

हौसाबायला धाकट्या भावाचा, काशिरामचा, नमस्कार.

आधी तब्येतीचं. तुझा उजवा गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की बाटली नुसती खिडकीत उभी आहे? दादूची साखर आटोक्यात आली का? सूनबाईंची कंबर? आणि हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या भाविकाचा खोकला गेला का? भाविका, पोरी, सावकाश वाच. आजी "पुढं चल" म्हणाली तरी मधलं काही गाळू नकोस.

आम्ही बरे. कुमुदचा मोतीबिंदू काढला. आता तिला घरातली सगळी धूळ दिसते आणि झाडू माझ्या हातात येतो. विश्वजीतला प्रमोशन मिळालं. सायकलचं दुकान मी बंद केलं, पण शेजाऱ्यांची पोरं अजून चेन बसवून घ्यायला येतात. पावसाने शेवटी फार छळलं, तुमचं भात कापून झालं का?

तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला? अगं, फोनवर मी विचारतो, "बरं हाय ना?" तू म्हणतेस, "बरं हाय," आणि फोन दादूकडे देतेस. तेवीस वर्षं आपलं बोलणं या उंबऱ्याच्या आत आलेलं नाही.

बातमी अशी, की विश्वजीतच्या दिपिकाचं लग्न ठरलं. मुलगा स्वानंद, ख्रिस्तीच, नगरकडचा, स्वभावाने गरीब. तीन जानेवारीला चर्चमध्ये लग्न, आदल्या संध्याकाळी आमच्या गच्चीवर हळद.

त्यासाठी माळा साफ करायला काढला, तर दिपिकाला कागदात बांधलेलं पितळी ताट सापडलं. मी म्हटलं, "असू दे, जुनं आहे." पण ती माझीच नात.

"आजोबा, जुनं काय काय तुम्ही भंगारात घातलं. हे एवढं का जपलं?"

"हौसाआजीचं आहे. ती धवलारीण."

"म्हणजे काय?"

काय सांगू बाय! माझी नात, आगऱ्याची पोर, आणि तिला हे विचारावं लागलं. सांगितलं, की आपल्या लग्नात भटजीच्या आधी जिचा मान, जी धवले गाऊन लग्न लावते, ती धवलारीण. आजूबाजूच्या पाच गावांत तुझ्या आवाजाशिवाय हळद चढत नव्हती.

"मग पप्पांच्या हळदीला त्या गायल्या का?"

मी पाणी प्यायला उठलो. परत आलो तर ती तिथेच, मांडीवर ताट घेऊन. तेव्हा सांगितलं.

तू हळकुंडं, तांदूळ, सगळं ताटात मांडून रिक्षाने आली होतीस. नवं लुगडं होतं, हिरवं. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलीस आणि मी जिन्यातच आडवा आलो. "बाय, आता आमच्यात हे चालत नाही. पाळकसाहेबांना आवडायचं नाही." वरच्या पायऱ्यांवर पाहुणे, खालच्या पायऱ्यांवर शेजारी. तू ताट पायरीवर ठेवलंस आणि म्हणालीस, "बरं बाबा. मी आलीच नाय आसं समज." चार पायऱ्या उतरून मागे वळलीस. "बाटग्याची बांग मोठी, काशा."

झोंबलं होतं. खरं होतं म्हणून झोंबलं.

आता जे दिपिकालाही आधी सांगितलं नव्हतं, ते. पाळकसाहेबांनी मला काहीही सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते स्कूटरवरून आले आणि बसायच्या आधी विचारलं, "काशिरामभाऊ, तुमच्या ताई कुठे आहेत? खास त्यांचं ऐकायला आलोय." मी म्हटलं, "तिला बरं नाही." ते हळहळले. म्हणाले, "आपला प्रभू काना गावच्या लग्नात जेवला, तिथली गाणी काय आपल्या पुस्तकातली होती?"

म्हणजे एका दिवसात दोनदा खोटं बोललो. एकदा तुझ्याशी, एकदा त्यांच्याशी. तू त्यांना वर्षानुवर्षं बोल लावलास. एकदा ते शिरढोणला तुझ्या घरी आले तेव्हा तू पाणीसुद्धा विचारलं नाहीस, आणि मी शेजारी बसून बघत राहिलो. गेल्या पावसाळ्यात ते वारले. त्यांची माफी मागायची राहिली. तुझी तरी राहू नये.

मग मी तसं का केलं? चर्चच्या मंडळीत सगळी तीन-चार पिढ्यांची ख्रिस्ती घरं, शिकलेली, नोकरीवाली. मी चौथी पास, नवा. पवित्र शास्त्र उतरवून काढता काढता अक्षर सुधारलं तो माणूस. कुणीतरी एकदा हसत म्हणालं होतं, "भाऊंचं अजून जुनं सुटलं नाही वाटतं." तेवढं पुरलं. देवाला भ्यालो असतो तर शोभलं असतं. मी लोकांना भ्यालो आणि नाव देवाचं घेतलं.

माझी श्रद्धा तीळभर बदललेली नाही, हेही लिहितो, नाहीतर तुला वाटेल म्हातारा परत फिरला. येशू माझा आहे, मरेपर्यंत. पण त्याने मला आईची भाषा सोड, बहिणीचा गळा विसर, असं कधी सांगितलं नाही.

दिपिकाला तू हळदीला गायला हवी आहेस. ती म्हणाली, "देवांची नावं येतात तिथे येशूचं नाव घालायला सांगा ना." मी म्हटलं, नाही. आधी जिन्यातून परत पाठवायचं आणि आता तिच्या तोंडातले शब्द बदलायचे? तुझा धवला सगळ्या देवांना बोलावून सुरू होतो, मला तोंडपाठ आहे. तिथे मला हात जोडता येणार नाहीत. मी गप्प बसून ऐकेन. गप्प बसणं वेगळं आणि बहिणीला हाकलणं वेगळं, हे कळायला मला तेवीस वर्षं लागली. पुढे हळद दळायचा धवला आला, की मागे ओढायला, तुझी ओळ पुन्हा म्हणायला, मी आहे. लहानपणी आईच्या जात्यापाशी ओढायचो तसाच, बेसूर.

मंडळीतल्या एकदोघांना हे रुचणार नाही. नव्या पाळकांना मी स्वतः सांगितलंय. ते म्हणाले, "मी येईन. मागे बसेन." ज्यांना रुचणार नाही त्यांना जेवायला वाढू.

तू येणार नाहीस असंही होईल. तो तुझा हक्क आहे. मी रागावणार नाही, आणि दिपिकाला खरं तेच कारण सांगेन. इमारतीला आता लिफ्ट आहे, पण मी जिन्यातच उभा राहीन. कडेला.

ताट चिंचेने घासून ठेवलंय. पाठवत नाही. तू आलीस तर मिळेल. बाय, भाविकाकडून दोन ओळी तरी लवकर लिहून पाठव. "येत नाय" असं असलं तरी चालेल, पण "बरं हाय" एवढंच नको.

तुझ्या मागे ओढणारा,
काशा